सासरेबुवांची टिकाऊ खोली

माझ्या सासऱ्यांनी उभं आयुष्य लोकांना गप्प बसवण्यात घालवलं. ते ग्रंथपाल होते. वाचनालयात कुणाची खुर्ची जरा करकरली तरी ते चष्म्यावरून असं बघत, की माणूस तर सोडाच, खुर्चीसुद्धा ओशाळत असे. अशा गृहस्थाने म्हातारपणी ट्रम्पेट वाजवायला घ्यावं, हे एका परीने बरोबरच होतं. इतकी वर्षं दाबून ठेवलेला आवाज कुठून तरी बाहेर पडणारच. तो आमच्या घरातून पडला, एवढंच.

खरं निमित्त डॉक्टरांचं. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले, आणि त्यांची छाती जरा धरायला लागली. डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसांना व्यायाम हवा. रोज फुगे फुगवा." सासऱ्यांना ते पोरकट वाटलं. "फुंकायचंच तर त्यातून काही तरी निष्पन्न व्हायला हवं," असं म्हणून ते बाजारात गेले आणि मोडीत निघालेल्या एका बँडचं ट्रम्पेट घेऊन आले. त्यातून जे निष्पन्न होऊ लागलं त्याला ते गाणं म्हणत. मी काही म्हणत नसे. जावयाने सासऱ्याच्या संगीतावर मत देऊ नये, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. पण ऐकणाऱ्याला कल्पना यावी म्हणून सांगतो, एखादा हत्ती दाराच्या फटीत अडकलाय आणि त्यालाच त्याचा संकोच वाटतोय, असा काहीसा तो सूर होता.

फुप्फुसं सुधारली. शेजार बिघडला.

आमच्या उजव्या हाताला दातांच्या डॉक्टरीणबाई राहतात. तळमजल्यावर त्यांचा दवाखाना, वर घर. बाई स्वभावाने गोड. एका संध्याकाळी त्या आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा वाजवतात ते छानच हो. पण परवा मी एकाच्या दाढेशी काम करत होते, आणि नेमका वरचा सूर लागला. पेशंटने माझं बोट चावलं." त्यांनी बोट दाखवलं. पट्टी होती. "मी तक्रार करत नाहीये," असंही त्या म्हणाल्या. हे वाक्य लोक तक्रार पूर्ण झाल्यावरच का बोलतात, हे मला अजून कळलेलं नाही.

सासरे आतल्या खोलीत होते. त्यांनी ऐकलं. त्यांनी ट्रम्पेट पुसलं, पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटाच्या डोक्यावर ठेवून दिली. तेव्हापासून ते जेवायला बसले की फक्त ताटाशी बोलायचे, आणि तेही मनात. व्यायाम थांबला तसा खोकला परत आला. एके दिवशी बायको स्वयंपाकघरात मला हळूच म्हणाली, "अहो, बाबा परत जायचं म्हणतायत. तिकडचं घर उघडतो म्हणाले. एकटे राहणार." तिचा आवाज नेहमीसारखाच होता, पण ती धुतलेलीच पातेली पुन्हा धूत होती.

तेव्हा मी बोललो. मी विमा कंपनीत आहे. लोकांवर काय काय ओढवू शकतं, हे आधी सांगण्याचा मला पगार मिळतो. पण स्वतःच्या तोंडून काय बाहेर पडू शकतं याचा विमा आमच्याकडेही नाही.

"बागेत खोली बांधू," मी म्हणालो. "लाकडाची. जाड भिंतींची. बाबा आत बसून खुशाल वाजवतील, बाहेर चिटपाखराला कळणार नाही."

"कोण बांधणार?"

"मी."

बायकोने पातेलं खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. तिच्या नजरेत प्रेम होतं, पण त्याच्या शेजारी एक स्टूलही होतं. काही वर्षांपूर्वी मी घरच्या घरी एक स्टूल केलं होतं. त्याच्यावर तिने फुलदाणी ठेवली आहे. शोभेसाठी नव्हे. कुणी चुकून बसू नये म्हणून.

सासऱ्यांना बातमी सांगितली. ते म्हणाले, "बघू."

हा "बघू" काय चीज आहे ते सांगायला हवं. लग्नाआधी मी त्यांच्या मुलीला मागणी घातली, तेव्हाही ते "बघू" म्हणाले होते. लग्न झालं, संसार झाला, केस पिकले. पण ते अजून बघतायत, असा मला दाट संशय आहे.

डाव्या हाताला राहतात ते निवृत्त इंजिनिअर. जन्मभर त्यांनी पूल बांधले, म्हणून सगळे त्यांना पूलकाका म्हणतात. त्यांना बातमी कळताच ते कुंपणावरून वाकून म्हणाले, "फळ्या किती जाडीच्या घेतोयस?" मी बोटांनी दाखवलं. ते हसले, आणि त्यांनी माझी बोटं धरून आणखी फाकवली. डॉक्टरीणबाईंनी, अगदी भीत भीत, त्याहून जास्त दाखवलं. समोरच्या घरातल्या लोकांशी आमची कधी धड ओळखसुद्धा नव्हती. तेही येऊन म्हणाले, "जाडीत काटकसर करू नका हं." एरवी कुणाच्याही घराचं काम निघालं की गल्ली दोन तट पाडून भांडते. माझ्या भिंतींच्या जाडीवर मात्र पूर्ण एकमत झालं. इतकं की मला थोडं लागलंच. शेवटी ते माझे सासरे होते.

मग आम्ही लाकडाच्या वखारीत गेलो, मी आणि पूलकाका. वखारीचा मालक फळ्यांच्या ढिगावर मांडी घालून बसला होता. त्याने विचारलं, "काय ठेवायचंय आत?"

"सासरे," मी म्हणालो.

"कायमचे?"

"नाही हो. संध्याकाळपुरते."

त्याने मान हलवली. त्याच्याकडे बहुधा याहून विचित्र गिऱ्हाइकं येत असावीत. मग त्याने एक ओंडका दाखवून आमची शिकवणी घेतली. कडेचं पांढरं लाकूड दिसायला सुरेख, पण ते वाळवीचं जेवण. मधला गडद गाभा तोच खरा. बागेत उघड्यावर उभं करायचं तर गाभ्याचंच लाकूड घ्यायचं, आणि तेही थेट मातीला टेकवायचं नाही. मी त्याच्यासमोर साग, देवदार अशी माहितीतली नावं टाकून पाहिली. तो सगळ्यांना "चालेल" म्हणाला. पण ज्या स्वरात म्हणाला, त्या स्वरात आमच्या कंपनीत लोकांचे अर्ज नाकारतात.

"टिकाऊच हवं असेल तर इकडे या," तो म्हणाला, आणि आम्हाला मागच्या अंगाला घेऊन गेला. तिथे काळेकभिन्न वासे आणि फळ्या रचून ठेवल्या होत्या. बंदराचा जुना धक्का पाडला, त्याचं लाकूड. समुद्राच्या पाण्यात पिढ्यान्‌ पिढ्या उभं राहिलेलं.

"कसलं लाकूड आहे?" पूलकाकांनी विचारलं.

"नाव माणसाला विचारायचं. लाकडाला वजन विचारायचं."

मी एक फळी उचलायला गेलो. फळी जागची हलली नाही. मी कपडे नीटनेटके करायला वाकलो होतो असं दाखवलं.

"किती टिकेल?" मी विचारलं.

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुमची काळजी नको," तो म्हणाला. "तुमच्यानंतरचं बघा."

घेतलं. असल्या उत्तरापुढे मध्यमवर्गीय माणूस टिकत नाही. निदान आपली खोली तरी टिकेल, असं त्याला वाटतं.

लाकूड आलं त्या दिवसापासून आमच्या घराला नवीन पाहुणे लाभले. त्या लाकडाला करवत लावली की आतून खाऱ्या मासळीचा वास येई. पहिल्या फळीला एक मांजर आलं. दुसऱ्या फळीपर्यंत त्याने नातेवाइकांना कळवलं होतं. सुटीच्या दिवशी मी बागेत करवत चालवतोय आणि समोर मांजरांची रांग शेपट्या गुंडाळून, डोळे मिटून, एखादं प्रवचन ऐकावं तशी बसली आहे, हे दृश्य बघायला गल्लीतले लोक गच्चीत खुर्च्या टाकून बसत.

आणि करवत चालवतोय म्हणजे तरी काय? ती मला चालवत होती. त्या लाकडाने खिळा स्वीकारला नाही. घाव घातला की खिळा नम्रपणे मान वाकवायचा आणि आडवा व्हायचा. मी ड्रिल लावलं, ड्रिलमधून धूर आला. डॉक्टरीणबाई कुंपणापलीकडून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "दाबू नका. हळू, थांबत थांबत. मध्ये पाणी मारा. आम्ही तेच करतो." मी तसं केलं आणि भोक पडलं! मग पूलकाकांनी सांगितलं, स्क्रूला साबण चोळ, आत सरकेल. चोळला. सरकला. त्यानंतर काही दिवस आमच्या घरी आंघोळीला साबण शिल्लक नसे, पण भिंत उभी राहायला लागली.

पूलकाकांनी नकाशा काढला होता. नकाशात जिथे तिथे बाण होते.

"हे काय?" मी विचारलं.

"वाऱ्याचा जोर."

"आणि हे?"

"भूकंप."

"आणि इथे खाली?"

"हे तुझे सासरे," ते म्हणाले. "त्यांचं वजन विशेष नाही, सोडून दिलं तरी चालेल."

मी प्रत्येक फळी दोनदा मोजत होतो, आणि दोन्ही वेळा चूक मोजत होतो. एक फळी तर मी इतकी आखूड कापली, की तिचं शेवटी खोलीत शेल्फ झालं. अंगठ्यावर हातोडी बसली, पट्टी बांधून कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "सुतारकाम करतोय." साहेबांनी माझ्याकडे एवढ्या सहानुभूतीने पाहिलं की मला त्यांचा राग आला. दुपारी त्यांनी शिपायाकरवी अपघात विम्याचं माहितीपत्रक पाठवलं. आमच्याच कंपनीचं. मीच लिहिलेलं.

या सगळ्यात सासरे काय करत होते? खिडकीत उभे होते. खोकत होते आणि बघत होते. मी फळी लावली की त्यांची मान किंचित वाकडी होई. त्यांची मान वाकडी की माझी फळी, हे मला तपासून बघावं लागे, आणि दर वेळी फळीच निघे.

पण खोली झाली. खरोखर झाली. काळी, बुटकी, भक्कम, एक दार आणि एक खिडकी. आतमध्ये खुर्ची, वहीसाठी उभा स्टँड, आणि ते शेल्फ. विटांच्या ओळीवर ठेवलेली, मातीला न टेकलेली. आम्ही बायकोला आत घालून दार आणि खिडकी लावून घेतली आणि तिला मोठ्याने गायला सांगितलं. बाहेर शांतता! डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा बायको चिडलेली होती. ती गायचं थांबवून केव्हापासून "उघडा, उघडा" ओरडत होती म्हणे.

सासरे बागेत उतरले. त्यांनी खोलीला प्रदक्षिणा घातली. कलिंगड बघतात तसं भिंतीवर बोटाने वाजवून पाहिलं.

"जावईबापू," ते म्हणाले, "परवानगी काढलीत?"

"कसली, बाबा?"

"नगरपालिकेची. विनापरवाना जागेत मी पाय ठेवणार नाही. आयुष्यात कधी ठेवला नाही."

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी सायकल काढली.

नगरपालिकेत जाऊन प्रामाणिकपणे विचारणं ही माझी चूक होती, असं मला तिथल्या निरीक्षकांनीच सांगितलं. गृहस्थ सडपातळ, शर्टाला कडक इस्त्री, आणि हातात कायम छत्री, कचेरीच्या आतसुद्धा.

"तुम्ही विचारलं नसतं तर आम्हाला कळलं नसतं," ते म्हणाले. "आता विचारलंत, म्हणजे कळलं. कळल्यावर आम्हाला काही तरी करावं लागतं."

"मग काय करायचं?"

"बांधकाम म्हटलं तर कुंपणापासून चारी बाजूंनी अंतर सोडावं लागेल."

अंतर ऐकलं. तेवढं अंतर चारी बाजूंनी सोडल्यावर आमच्या बागेत जागा उरत नव्हती. उलट बागच थोडी कमी पडत होती. माझा चेहरा बघून निरीक्षकांना दया आली असावी. त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली.

"एक मार्ग आहे. ती बांधकाम नसेल तर? म्हणजे हलवता येण्याजोगी वस्तू असेल तर? हातगाडी, कुत्र्याचं घर, झोपाळा, यांना आम्ही काही म्हणत नाही. तुमची खोली हलते का?"

"हलेल," मी म्हणालो.

"मला हलताना दिसली पाहिजे. मी येतो."

घरी येईपर्यंत माझ्या लक्षात आलं होतं, की गल्लीने सर्वानुमते जगातलं सगळ्यात जड लाकूड निवडलं होतं. टिकाऊपणाचा विचार सगळ्यांनी केला होता. ती खोली कधी जागची हलावी, असं कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. मी ओट्यावर डोकं धरून बसलो. पूलकाका मात्र तरुण झाले. "हलवायचीय? अरे, एवढंच ना!" असं म्हणून ते गेले, आणि एका बंद पडलेल्या गोदामातून एक लोखंडी चाकांची ट्रॉली घेऊन आले. बैठी, रुंद, गंजकी. जॅक लावून, ओंडके सारून, गल्लीतल्या सगळ्या धडधाकट माणसांच्या "हय्या हो"वर खोली वर उचलली गेली आणि ट्रॉलीवर बसली. चाकांना विटा लावल्या. आमची बाग मागच्या बाजूला उतरती आहे. कुंपणाची मागची तार लाकडाची गाडी आत घेताना काढली होती, ती लावायची अजून राहूनच गेली होती. तारेपलीकडे एक उताराची गल्ली, आणि गल्लीच्या टोकाशी नगरपालिकेची सार्वजनिक बाग. हे सगळं मी आता ओळीने सांगतोय. तेव्हा या गोष्टी सुट्या सुट्या होत्या. माझा व्यवसाय धोके ओळखण्याचा आहे, हे मी वर सांगितलंच.

ठरलेल्या सकाळी निरीक्षक आले. छत्रीसह. गल्ली जमली. निरीक्षकांनी खोली समोरून पाहिली, बाजूने पाहिली, छत्रीच्या टोकाने चाकाला स्पर्श केला आणि म्हणाले, "ठीक आहे."

ते इतकंच म्हणाले. त्याचा अर्थ, चाकं आहेत, आता हलवून दाखवा. पण वर खिडकीत सासरे होते. त्यांनी "ठीक आहे" ऐकलं आणि त्यांच्या लेखी परवानगी मिळाली. इकडे आम्ही सगळे चाकांपाशी वाकून, दोर कुठून ओढायचा यावर वाद घालत होतो. तेवढ्यात सासरे कपाटावरची पेटी काढून, जिना उतरून, खोलीच्या पलीकडच्या बाजूच्या दाराने आत गेले आणि त्यांनी शिस्तीत दार लावून घेतलं. कुणी पाहिलं नाही. आणि आतून त्यांनी काय वाजवलं असेल, ते कुणाला ऐकू आलं नाही. भिंती उत्तम झाल्या होत्या.

आम्ही दोर ओढला. खोली हलेना. आणखी ओढला. माझ्या हातांना फोड आले, पूलकाकांची टोपी पडली, खोली ढिम्म.

"विटा लावल्या आहेत तुम्ही," निरीक्षक म्हणाले.

"त्या राहू द्या, साहेब," पूलकाका घाबरून म्हणाले. "उतार आहे. मी दोर झाडाला बांधतो, मग..."

"विटा लावून वस्तू हलत नाही हे तर उघड आहे. विटा काढून बघायला हवं." आणि निरीक्षकांनी स्वतः खाली वाकून, इस्त्रीची पर्वा न करता, छत्रीच्या मुठीने एक वीट ओढली. मग दुसरी.

धक्क्याचं लाकूड होतं. त्याला वेगळा धक्का द्यावा लागला नाही.

खोली आधी अगदी सावकाश निघाली, एखादी प्रतिष्ठित बाई बैठकीतून उठते तशी. मला क्षणभर अभिमान वाटला. "हलली!" असं मी ओरडलोसुद्धा. मग ती तार नसलेल्या कुंपणातून बाहेर पडली आणि उताराच्या गल्लीला लागली. तिने वेग धरला. दोर आमच्या हातांतून सरसर गेला. पूलकाका "सोडा, सोडा!" ओरडत होते, आणि बायको एकदम किंचाळली, "अहो, बाबा कुठेत?"

खोलीची खिडकी उघडली. खिडकीतून प्रथम ट्रम्पेटचं पितळी तोंड बाहेर आलं, आणि मग तो आवाज आला. त्याचा गाण्याशी दूरचाही संबंध नव्हता. तो सरळ, स्वच्छ, दणदणीत भोंगा होता. एक सूर, मग श्वास, मग पुन्हा तोच सूर. एक सायकलवाला भिंतीला चिकटला. भाजीची टोपली घेऊन चाललेल्या बाई टोपलीसकट एका ओट्यावर चढल्या. सगळी गल्ली दुभंगून वाट देत होती, आणि मधून माझी काळी खोली भोंगा वाजवत उतरत होती. तिच्यामागे मी, माझ्यामागे बायको, तिच्यामागे पूलकाका, डॉक्टरीणबाई, मांजरं, आणि छत्री उंच धरून निरीक्षक. ते "थांबवा! ही वस्तू थांबवा!" असं ओरडत होते, पण कुणाला उद्देशून, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

मी पळत होतो आणि माझ्या डोक्यात एकच विचार होता. मी बांधलीय. माझ्या हातांनी. स्टूल करणाऱ्या हातांनी. यातला एक स्क्रू जरी सुटला तर? पायांखालची जमीन मला दिसत नव्हती.

सार्वजनिक बागेचं फाटक उघडं होतं. खोली फाटकातून आत गेली, फाटकाला न लागता गेली, हिरव्या कुंपणाची एक रांग तिने आडवी केली, आणि माळ्याने नुकतंच भरपूर पाणी घातलेल्या फुलांच्या वाफ्यात चारही चाकं बुडवून, एक मोठा उसासा टाकून थांबली. माळी हातात पाण्याची नळी धरून उभा होता. त्याने नळी बंद केली नाही. विसरला.

भोंगा थांबला. आम्ही धापा टाकत पोहोचलो. बायकोने दार ओढलं. आत खुर्ची उभी, स्टँड उभा, शेल्फ जागच्या जागी. सासरे खुर्चीत ताठ बसलेले, मांडीवर ट्रम्पेट. चष्मा थोडा वाकडा झाला होता, तो त्यांनी सरळ केला.

"बाबा! लागलं का कुठे?"

"नाही," सासरे म्हणाले. त्यांनी खिडकीतून बागेकडे बघितलं, झाडांकडे, बाकांकडे, मग लांब श्वास घेतला. खोकला आला नाही. "जागा बरी आहे," ते म्हणाले. "उजेड छान येतो. पहिल्या जागेपेक्षा उजवी."

डॉक्टरीणबाईंनी त्यांची कवळी तपासली. कवळी शाबूत होती.

मग सगळ्यांच्या माना निरीक्षकांकडे वळल्या. त्यांच्या शर्टाची इस्त्री गेली होती, बुटांना चिखल लागला होता, आणि त्यांच्या हातात, छत्रीखेरीज, एक वीट होती. ती ते वरपासून घेऊन पळत आले होते. त्यांनी विटेकडे बघितलं, खोलीकडे बघितलं, आणि विटा कुणी काढल्या हे पाहिलेल्या अख्ख्या गल्लीकडे बघितलं.

"हलते," ते खोल आवाजात म्हणाले. "हे मान्य करावं लागेल."

"पण आता परत कशी न्यायची, साहेब?" मी विचारलं.

पूलकाकांनी खोलीभोवती फिरून पाहिलं. चढ, चिखल, झाडं. क्रेन आत येणं शक्य नाही. त्यांनी मान हलवली. शेवटी निरीक्षकांनी वीट हळूच वाफ्याच्या कडेला ठेवली, जणू ती तिथलीच होती.

"नागरिकांनी स्वेच्छेने सार्वजनिक उद्यानास खोली भेट दिली," ते म्हणाले. "तुमची हरकत नाही ना?"

माझी हरकत होती. पण बायकोने माझा हात दाबला. आणि सासरे तोवर माळ्याला आत खुर्चीशेजारी फावडं ठेवायची जागा दाखवत होते.

तेव्हापासून सासरे रोज संध्याकाळी तिथे जातात. दारावर त्यांनी पाटी लावली आहे, "कृपया शांतता राखा. आत वादन चालू आहे." पहिले काही दिवस बागेतले पत्ते खेळणारे लांबच्या बाकांवर गेले. मग त्यातला एक परत आला. तो पूर्वी बस चालवायचा, आणि म्हणाला, हा आवाज ऐकला की झोप उडते, बरं वाटतं. मग शेजारच्या वस्तीतल्या एक आजी येऊ लागल्या. त्यांना ऐकू कमी येतं. त्या सासऱ्यांच्या सगळ्यात चांगल्या श्रोत्या आहेत. सासरे आता दार उघडंच ठेवतात. एवढ्या जाड भिंती कशाला केल्या, असं मला कधी कधी वाटतं. पण सासरे जेवताना बोलतात, दोन वेळा वाढून घेतात, आणि त्या बंद घराचं नाव काढत नाहीत. बायको धुतलेली पातेली पुन्हा धुवत नाही.

मला मात्र एक गोष्ट टोचत होती. नगरपालिकेने खोलीवर पत्र्याची पाटी ठोकली. "लाकूडकाम: उद्यान विभाग." ठोकताना त्यांचे तीन खिळे वाकले, हे समाधान सोडलं तर माझ्या वाट्याला काही आलं नाही. मी तडक निरीक्षकांकडे गेलो.

"तुमचं नाव घालतो की," ते म्हणाले. "मग रंग, डागडुजी आणि ती पुन्हा कुणाच्या अंगावर गेली तर त्याची जबाबदारीही तुमच्या नावावर घालतो."

मी विमा कंपनीतला माणूस. नाव परत घेतलं.

पण मन लागेना. एका संध्याकाळी मी बागेत गेलो आणि एका झाडामागे उभा राहिलो. खोलीच्या दारात सासरे बसले होते, सूर लावून दमले होते. कुणी एक अनोळखी गृहस्थ खोली निरखत होते.

"उद्यान विभागाने काम बरं केलंय," गृहस्थ म्हणाले.

"पाटी खोटी आहे," सासरे म्हणाले. "ही माझ्या जावयांनी बांधली. हाताने."

"असं? सुतार आहेत का?"

"छे! काही येत नाही त्यांना."

मी झाडाला घट्ट धरलं.

"काही येत नाही," सासरे पुढे म्हणाले, "तरी बांधली. मला वाजवता यावं म्हणून. अहो, टेका की भिंतीला, खुशाल टेका. मी आत असताना ही खोली अख्खं टेकाड उतरून आली आहे. एक स्क्रू हलला नाही. अशी दुसरी दाखवा मला."

गृहस्थ टेकले. माझ्या डोळ्यांत धूळ गेली असावी, कारण समोरचं नीट दिसेना. एवढ्यात सासऱ्यांचा तो जुना, वाचनालयातला आवाज आला, हळू पण थेट मानेवर येणारा.

"जावईबापू, झाडामागे काय करताय? इकडे या. परवाच्या सरीने छत गळलं. माझ्या वहीवर पडलं पाणी. तेवढं बघून टाका."

"आत्ता बघतो, बाबा," मी म्हणालो, आणि शिडी आणायला घरी धावलो. सबंध चढ धावलो.